जोडीतलं बटण

थर्झा केम्बलच्या कोटाचं गळ्याशी असलेलं बटण बाकीच्या बटणांशी जुळत नव्हतं, आणि थेलबरी गावात ही गोष्ट सगळ्यांच्या सवयीची झाली होती. खालची बटणं काळी, साधी, दुकानातली. वरचं मात्र चांदीचं, अंगठ्याच्या नखाएवढं, त्यावर एकमेकांना बिलगलेली दोन हृदयं आणि दोघांच्या डोक्यावर मिळून एकच मुकुट. कोट विरले, बदलले. बटण तेच राहिलं. नवा कोट घरी आला की थर्झा आधी कात्री घ्यायची, वरचं बटण उसवायची आणि तिथं हे शिवायची. मग तो कोट तिचा व्हायचा.

ते तिला अँब्रोजनं दिलं होतं. लग्नाची अंगठी सोडली तर नवऱ्यानं दिलेला तेवढा एकच दागिना.

अँब्रोज बीटच्या साखर कारखान्यात कामाला होता. जमिनीतला धातू हुडकणारी यंत्रं तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. साइडकारची मोटरसायकल विकून त्यानं असलं यंत्र घेतलं तेव्हा अख्खं गाव हसलं. कानाला हेडफोन लावून, नांगरटीवरून यंत्र डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत तो चालला की रस्त्यावरून पोरं ओरडायची, "केम्बलकाका, शेताला इस्त्री करताय होय?" शेतकरी त्याला बांधावर उभं करीनात. हा खड्डे करून ठेवील आणि आमच्या गाईचा पाय मोडेल, असं त्यांचं म्हणणं. परवानगी दिली ती एकट्या मिस एव्हिस गॅरडनं. बापामागे एकटीनं शेत चालवणारी, उंच, कमी बोलणारी, पुरुषी बूट घालून हिंडणारी बाई. अट नेहमीचीच: जे सापडेल त्यातलं अर्धं ज्याला सापडलं त्याचं, अर्धं शेताच्या मालकाचं. हातात हात दिला की झालं. त्याला कागद लागत नाही.

शेतमालकाशी गोड राहावं लागतं हे त्या नादातल्या माणसांना सांगावं लागत नाही. कुणी नाताळला दारूची बाटली देतं, कुणी ससा. थर्झानं पहिल्याच रविवारी शहाजिऱ्याचा केक भाजला आणि फडक्यात बांधून अँब्रोजच्या हातात दिला. "मिस गॅरडला दे. एकटीसाठी कुठं भाजत बसणार बिचारी." त्यानंतर रविवारचा केक कधी चुकला नाही.

बटण सापडलं ते त्याच वर्षी, पानगळीत. तुम्हाला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. थर्झा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. अँब्रोज मागच्या दारानं आला, खिशातून रुमाल काढला, रुमालातून बटण काढलं आणि तिच्या ओल्या तळव्यावर ठेवलं.

"जोडीतलं आहे हे," तो म्हणाला. "बाहीला लावायची जोडी असायची, मध्ये तार. तार तुटली आणि दुसरं तिथंच कुठंतरी मातीत पडलंय. ते हुडकून तुझ्या हातात देईन तेव्हाच यंत्र माळ्यावर टाकीन, बघ."

जागाही त्यानं तिला एकटीला सांगितली. यंत्रवाली माणसं जागा कुणाला सांगत नाहीत, सख्ख्या भावालाही नाही. "खालचं शेत, हॉलीचं कुंपण, चर ओढ्याला मिळतो तिथं. कुणापाशी बोलू नकोस." ती कधी बोलली नाही.

मग तो मरेपर्यंत रविवारमागून रविवार जात राहिला. सापडायला काय, पुष्कळ सापडलं. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, घोड्यांचे नाल, झिजून गुळगुळीत झालेली नाणी. दुसरं बटण तेवढं नाही. संध्याकाळी दारात बूट काढत तो म्हणायचा, "आज नाही गं." आणि आतून ती म्हणायची, "राहू दे. पुढच्या रविवारी." बायका नवऱ्याच्या प्रेमाच्या काय काय गोष्टी सांगतात; थर्झाजवळ सांगायला एवढीच होती आणि तिला ती पुरायची. एक माणूस माझ्यासाठी जन्मभर चिखल तुडवतो आहे, असं मनाशी म्हणून ती त्याचे मोजे शेगडीपाशी वाळत घालायची.

अँब्रोजला जाऊन दोन हिवाळे झाले. मिस गॅरड यंदा वसंतात गेली. शेत तिच्या भाचीकडे आलं आणि भाचीनं ते घरं बांधणाऱ्यांना विकायचं ठरवलं. नाताळ उलटला की पाया खणायला घेणार. एकदा वर सिमेंट ओतलं की मग कसलं बटण आणि कसलं काय. म्हणून यंत्रवाल्यांच्या क्लबाचा अध्यक्ष, क्लेम कूबिट, टोपी हातात घेऊन थर्झाच्या दारात आला.

"भाचीनं आम्हाला शेवटचा एक रविवार दिलाय," तो म्हणाला. "अख्खा क्लब उतरवतो शेतात. पण जागा तुला सांगावी लागेल, थर्झा. अँब्रोजचं राहिलेलं काम आहे, पुरं करू या."

"सांगेन. हॉलमध्ये सांगेन, सगळ्यांसमोर."

क्लेम गेल्यावर तिनं कपाटातला निळा पोशाख काढून पाहिला. तो तिनं आपल्या शेवटासाठी वेगळा ठेवला होता. दुसरं बटण मिळालं की दोन्ही त्याच्या बाह्यांना शिवायची, एक डाव्या, एक उजव्या. म्हणजे वर गेल्यावर अँब्रोजला दाखवता येईल, तुझा शब्द पुरा झाला म्हणून. ह्यापलीकडे तिला आता कशाचीच आस उरली नव्हती.

रविवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये ओल्या कोटांचा आणि चहाच्या बंबाचा वास भरला होता. भिंतीला यंत्रं टेकून ठेवली होती. खिडकीखालच्या टेबलाशी जिल्ह्याच्या संग्रहालयाची इमोजेन बसली होती. लोकांना सापडलेल्या वस्तू ओळखून त्यांची नोंद करणं हे तिचं काम. थर्झाबरोबर तिची नणंद मर्टल आली होती, अँब्रोजची धाकटी बहीण. थर्झाच्या हातात शहाजिऱ्याचा केक होता, कारण शेताची मालकीण येणार आणि आपण रिकाम्या हातानं जायचं, हे तिला जमलंच नसतं.

मालकीण म्हणजे भाची, फिलिपा. लंडनहून आलेली, पन्नाशीची, मोकळी बाई. तिनं केकचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळेच मिटले.

"अगं बाई! अगदी मावशीच्या हातचा. रविवारी संध्याकाळी आम्ही आलो की असायचाच."

थर्झा खूश झाली. "माझ्याच हातचा तो. दर रविवारी आमचा अँब्रोज घेऊन यायचा."

"काय सांगता? मावशी तर म्हणायची, मीच भाजते!" फिलिपा खळखळून हसली. "लबाड कुठली! साधं अंडं उकडता यायचं नाही तिला. तेव्हाच ओळखायला हवं होतं आम्ही."

सगळे हसले. थर्झाही हसली, जराशी उशिरा.

"आता बोल, थर्झा," क्लेम म्हणाला. "पोरांना धीर निघत नाही. निम्मी शेताच्या वरच्या टोकाला पळालीसुद्धा."

"आधी ह्या मुलीला बटण बघू दे. काय शोधायचं ते तरी कळू दे पोरांना." थर्झानं पिशवीतून कात्री काढली, मान वर करून गळ्याशी दोरा कापला आणि बटण इमोजेनच्या तळहातावर ठेवलं.

इमोजेननं ते दिव्याखाली धरलं आणि तिचा चेहरा उजळला. "किती सुंदर! साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे, आजी. राजानं पोर्तुगालची राजकन्या केली ना, ज्या लग्नात त्याला मुंबई बेट आंदण मिळालं, त्या सुमाराची ही नक्षी. दोन हृदयं, एक मुकुट. लग्नाची आठवण म्हणून लोक बाहीला लावायचे. ही जोडीनंच असतात."

"माहीत आहे," थर्झा अभिमानानं म्हणाली. "दुसरं शेतात आहे."

"अरेरे, पण घासलंय कुणीतरी. तेही तारेच्या ब्रशनं."

"तेव्हा सगळेच घासायचो, बाई," क्लेम म्हणाला. "आता घासलं तर क्लबातून हाकलतात."

इमोजेननं बटण पालथं केलं. मागच्या कडीत तारेचा एक तुटका तुकडा अडकलेला होता. ती भिंगातून त्याच्याकडे बघत राहिली आणि काही बोलणार, एवढ्यात फिलिपा खांद्यावरून वाकली.

"अहो, थांबा! हे असलं मावशीकडे आहे. अगदी हेच! शिवणाच्या डब्यात मिळालं मला. तुम्हाला दाखवायला म्हणूनच डबा आणलाय, गाडीत आहे."

ती धावतच बाहेर गेली. हॉलमध्ये एकच गलका झाला.

"नांगरताना वर आलं असणार!"

"आणि मिस गॅरडला काय ठाऊक हे कशाची जोडी ते!"

थर्झानं मर्टलचा हात घट्ट धरला. "ऐकलंस? इतकी वर्षं त्या डब्यात होतं गं! आणि हा बिचारा शेत उलथंपालथं करत होता." तिला हसू येत होतं आणि डोळे भरत होते. मर्टलचा हात मात्र थंडगार होता.

फिलिपानं डबा टेबलावर उघडला. दोऱ्याची रिळं, बोटात घालायची टोपी, आणि फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं चांदीचं बटण. दोन हृदयं, एक मुकुट. त्याच्या कडीतून निळी रेशमी फीत ओवली होती, गळ्यात घालण्याएवढी लांब, मानेशी येते तिथं वापरून वापरून पांढरी पडलेली.

"सापडलं!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या वाजल्या. एक पोरगी फोटो काढायला पुढं आली. "मिसेस केम्बल, हातात धरा ना दोन्ही! हसा जरा!" टाळ्या वाजवणारी सगळी तरुण मंडळी होती. क्लेमनं टाळी वाजवली नाही. क्लबातली त्याच्या वयाची दोघंतिघं आपापल्या कपातला चहा न्याहाळत होती.

थर्झाची नजर त्या फितीवर खिळली होती.

इमोजेननं दोन्ही बटणं पालथी करून शेजारी शेजारी ठेवली. तारेचं एक टोक दुसऱ्या टोकाला नेऊन भिडवलं. नीट बसलं. ती हळहळली.

"काय हे! जोडी अखंड होती हो ही."

"नांगरानं तोडली का?" फोटोवालीनं विचारलं.

"नाही. नांगरानं तार ताणली जाते, बारीक होऊन तुटते. ही पक्कडीनं चावून तोडली आहे. हे दात बघा, दोन्ही टोकांवर तेच. आणि जमिनीत तुटलेली तार काळी पडते, ही तुटली तिथं अजून पांढरी आहे. मातीतून दोन्ही एकत्रच निघाली. कुणीतरी घरी नेऊन घासली, ओरखडेसुद्धा एकाच हाताचे आहेत, आणि मग मधोमध तोडली." तिनं मान हलवली. "काय एकेक माणसं असतात!"

"असतात," थर्झा म्हणाली.

अँब्रोज शेतातून जे आणायचा ते चिखलासकट तिच्या स्वयंपाकघरातल्या घमेल्यात ओतायचा. "धू बाई, बघ काय निघतंय." हे एकच बटण रुमालातून आलं होतं, लखलखीत. तेव्हा तिला वाटलं होतं, बायकोला द्यायचं म्हणून घासलं असेल. पुढचंही तिला आठवत गेलं, ओढल्यासारखं. जूनमध्ये गहू कमरेएवढा होतो. त्यात यंत्र फिरवता येत नाही. वसंतापासून कापणीपर्यंत क्लबातलं कुणीही शेतात पाय घालत नाही. अँब्रोज मात्र जूनमध्येही जायचा. "कडेकडेनं फिरतो," म्हणायचा. आणि ती शेजारणीला सांगायची, बाकीचे बसतात घरी पाय पसरून, आमचा बघा! जानेवारीत जमीन दगडासारखी गोठलेली असायची, बूट कोरडे घेऊन यायचा, तेव्हा तर तिला त्याची जास्तच दया यायची.

मर्टल तिच्या कानाशी लागली. "अगं, अर्धा वाटा शेतमालकाचा असतो ना? त्याचं झालं हे. नियमानं दिलं त्यानं तिला."

क्षणभर थर्झाला ते पटलं. पटावं असं फार वाटलं तिला. नियम होताच. अर्धं माझं, अर्धं तुझं, हातात हात दिलेला. पण मालकाचा वाटा मालकाच्या टेबलावर ठेवायचा असतो, दिवसाढवळ्या. त्यासाठी घरी येऊन दुसरं हरवलंय म्हणून सांगायचं नसतं. शिवाय मर्टल ते किती चटकन बोलली! अडखळली नाही, विचार केला नाही. वाक्य तिच्याजवळ तयार होतं, घडी घालून ठेवलेलं, कधी लागलंच तर म्हणून.

"दवाखान्यात नर्स सांगत होती," फिलिपा बोलतच होती, तिच्या काही लक्षातच आलं नव्हतं, "गळ्यातून शेवटपर्यंत काढू दिलं नाही म्हणे मावशीनं. मला वाटलं तिच्या आईचं असेल. पण आता हे तुमच्याकडेच राहायला हवं, मिसेस केम्बल. एवढ्या वर्षांनी भेटलीत दोघं! घ्या ना, दोन्ही घ्या."

"नको, बाळ." थर्झानं आपलं बटण एका बोटानं सरकवलं, फितीच्या बाजूला. "तेही तुमच्याच शेतातलं. इतके दिवस माझ्याकडे राहिलं, एवढंच."

"पण..."

"ठेवा म्हणते ना."

फोटोवाल्या पोरीनं फोन खाली घेतला. इमोजेननं पेन उचललं. तिला एवढंच कळलं होतं की काहीतरी बिनसलंय, आणि अशा वेळी माणूस कामाकडे वळतं तशी ती वळली.

"आजी, आता फक्त जागा सांगा. नेमकी जागा. जागा माहीत नसेल तर वस्तू म्हणजे नुसता धातू हो, तिच्यावरून काही सांगता येत नाही. तिथं कुणाचं घर असेल, वाट असेल, लग्नाची वरात गेली असेल. जागा कळली तर बांधकामाआधी आम्हाला तिथं खणता येईल."

 क्लेम पुढं वाकला.

"माहीत नाही," थर्झा म्हणाली.

"थर्झा! अगं परवाच तर म्हणालीस..."

"म्हातारी झाले, क्लेम. गेलं डोक्यातून."

थर्झा खोटं बोलते आहे असं जुन्या मंडळींना वाटलं. तिला स्वतःला तसं वाटत नव्हतं. हॉलीचं कुंपण, चर, ओढा, हे सगळं अँब्रोजनं सांगितलं होतं. दुसरं बटण मातीत पडलंय, हेही अँब्रोजनंच सांगितलं होतं. त्यातलं तिला माहीत काय होतं?

"बरं, सापडलं कुणाला? त्यांचं नाव तरी लावू या."

नवऱ्याचं नाव संग्रहालयात लागावं म्हणून काल रात्रीपर्यंत थर्झानं काय दिलं नसतं! तिनं मर्टलकडे पाहिलं. मर्टल पिशवीचा बंद गुंडाळत होती.

"तेही माहीत नाही."

 इमोजेननं कागदावर काहीतरी थोडक्यात लिहिलं आणि दोन्ही बटणं एकाच लहान पिशवीत घालून तोंड बंद केलं.

थर्झा उठली. दारापर्यंत फिलिपा मागं आली. तिला बिचारीला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "केकची कृती द्याल का मला? मावशीची आठवण म्हणून."

"मावशीलाच विचारून ठेवायची होतीत," थर्झा म्हणाली. "ती भाजायची ना."

बाहेर वारा सुटला होता. कोटाच्या वरच्या बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता आणि गळ्याशी कोट उघडा पडला होता. मर्टल धापा टाकत मागून आली, आपल्या स्कार्फची पिन काढून तिच्यापुढं धरली.

"हे लाव, थर्झा. सर्दी होईल."

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"मला? मला काय माहीत असणार?"

"मग पिन राहू दे तुझ्याकडेच."

तिनं कॉलर एका हातानं मुठीत धरली आणि चालू लागली. रस्ता गॅरडांच्या शेतावरूनच जात होता. वरच्या टोकाला पोरं यंत्रं फिरवत होती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. एकानं तिला ओळखून हात केला. "मिसेस केम्बल, कुठं शोधू? सांगा ना!"

खाली हॉलीचं कुंपण पावसानं काळंभोर दिसत होतं. तिकडं कुणीच नव्हतं. थर्झानं तिकडं पाहिलंही नाही.

"तिथंच शोध," ती त्याला म्हणाली. "कुठंही शोधलं तरी तेवढंच."